मायचं चालणं

माझी माय चालायला लागली की घोडं मागं पडायचं, असं मोठे बाबा सांगायचे. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ. ते सहसा कुणाचं कौतुक करत नसत, त्यामुळं ते खरंच असणार. आमचं घराणं मेंढरांचं. दिवाळी झाली की लासूर स्टेशनच्या पलीकडच्या माळावरून मेंढरं, घोडी, कुत्री आणि माणसं असा सगळा संसार उठायचा आणि चाऱ्यामागं फिरत फिरत उन्हाळा संपताना परत यायचा. त्या फिरण्याची एक रीत होती. सकाळी बायका घोड्यावर भांडीकुंडी, घोंगड्या आणि लहान लेकरं लादून पुढं निघायच्या. पुरुष मेंढरं चारत सावकाश मागून यायचे. दिवस कलताना ते मुक्कामाला पोचायचे तेव्हा तिथं चूल पेटलेली असायची आणि हुलग्याचं माडगं शिजत असायचं. लांबून धूर दिसला की आपलं माणूस कुठं आहे ते कळायचं. माझ्या वडलांनी, म्हणजे आबांनी, लग्नानंतरची काही वर्षं अशीच धुराकडं बघत चालत काढली. मला त्यातलं काहीच आठवत नाही. मी तेव्हा घोड्यावरच्या बोचक्यांतलंच एक बोचकं होते.

आबांची आई अशाच एका वाटेवर गेली. अंगात ताप घेऊन ती दिवसभर घोड्यासंगं चालली, मुक्कामाला पोचून तिनं चूल पेटवली आणि तिथंच कलंडली. आबा तेव्हा मिसरूड न फुटलेले. मेंढरं घेऊन ते पोचले तर धूर होता, माडगं उतू गेलेलं होतं आणि आई नव्हती. ही गोष्ट आबांनी मला एकदाच सांगितली, तीही मान वळवून. पण आमच्या घरात पुढं जे जे झालं ते सगळं या एका गोष्टीतून झालं. वाळूजला कारखाने उभे राहिले, माणसं घ्यायला लागले, आणि आबा तिथं मशीनवर लागले. कायम झाले त्या दिवशी त्यांनी आपल्या वाटणीची मेंढरं मोठ्या बाबांच्या हवाली केली. मोठे बाबा भडकले. बापजाद्यांची मेंढरं सोडून भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर झोपायचं, याला काय जगणं म्हणतात का, असं बरंच बोलले. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "मव्ही बायको आता चालणार नाय."

त्यांनी ते बोलणं पाळलं. कसं पाळलं तेच मला सांगायचं आहे, पण जरा इकडंतिकडंचं बोलत बोलत सांगते.

वाळूजच्या बजाजनगरात आमचं घर एका ओळीतल्या घरांत शेवटून दुसरं होतं. पुढं फरशीचा तुकडा, त्यावर आबांची खाट, दाराशी तुळस आणि मागं मोरी. पहाटे कंपन्यांच्या बसा हॉर्न वाजवत यायच्या, मग भोंगा व्हायचा, मग घराघरातून कुकरच्या शिट्ट्या. माय म्हणायची, इथं कोंबडासुद्धा ड्यूटीवर गेल्यासारखा आरवतो. तिच्या हातचं माडगं गॅसवर शिजायला लागलं आणि पहिल्याच दिवशी आबांनी भुरका मारून फार छान झालं म्हणून सांगितलं. माय मात्र तोंड वाकडं करून बसली. धूर लागला नाही तर हुलग्याला चवच येत नाही, असं तिचं ठाम मत होतं. येसर घातलेली आमटी आणि बाजरीची भाकरी ती एवढी झक्क करायची, की शेजारच्या रजियाखाला वाटीभर आमटीच्या बदल्यात खिम्याच्या करंज्या पाठवायच्या. रजियाखालांचा नवरा आबांच्याच कंपनीत होता. दोन्ही अंगणांमधली भिंत कंबरेएवढी होती, त्यामुळं भांडण, हसू आणि फोडणी सगळं दोघींच्या घरात सारखंच ऐकू यायचं.

आबांनी एकेक करून मायच्या हातातली कामं काढून घेतली. मी मुद्दाम 'काढून घेतली' म्हणते. त्यांना मात्र ते देणं वाटायचं. जातं गेलं, दळण गिरणीत जायला लागलं आणि तेही आबा खांद्यावर टाकून न्यायचे. पाटा-वरवंटा मोरीत उपडा पडला आणि मिक्सर आला. हापशावरून पाणी आणायची वेळ येऊ नये म्हणून त्यांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः खणून नळाचा पाइप थेट स्वयंपाकघरात घेतला. बाजार ते स्वतः करायचे. पुढं मोपेड घेतली, तेव्हा कोपऱ्यावरच्या देवळातसुद्धा ते मायला मागं बसवून न्यायचे आणि ती उतरेपर्यंत गाडी तिरकी धरून उभे राहायचे. ओळीतल्या बायका जळायच्या. एवढं जपणारा नवरा कुणाच्या नशिबी असतो, असं त्या मायला सांगायच्या आणि मायही हो म्हणायची. ते खोटंही नव्हतं. माझ्या बापाएवढी माया करणारा माणूस मी नंतर पाहिला नाही, आणि मी दुनिया बरीच पाहिली आहे.

पण सकाळचे नऊ वाजले की मायचं सगळं आवरलेलं असायचं आणि पुढं अख्खा दिवस. ती खाटेवर येऊन बसायची. नुसती बसता येत नाही म्हणून पाय हलवत बसायची. तिच्या पायात चांदीचे तोडे होते, लग्नातले. माझ्या लहानपणी ते तोडे एका ठेक्यात वाजायचे आणि त्यावरून माय घरात कुठं आहे ते कळायचं. खाटेवर बसल्यापासून त्यांचा आवाज कमी होत गेला. मग पाय सुजायला लागले, तोडे रुतायला लागले, आणि एक दिवस सोनाराकडं जाऊन ते कापून काढावे लागले. माय अंगानं सुटली, दोन घास खाल्ले की धापायला लागली. रात्रीतून सारखी पाणी प्यायला उठायची. आबांना वाटलं, सुख मानवलं. गावाकडचे पाहुणे आले की ते मायकडं बोट दाखवून अभिमानानं म्हणायचे, बघा, अंगावर कसं मांस धरलंय.

माझ्या मुलाच्या मनगटावर हल्ली एक घड्याळ असतं. तो संगणकासमोर बसला की ते घड्याळ तासातासाला थरथरतं आणि त्याला उठ म्हणतं. तो शहाण्यासारखा उठतो, गॅलरीत दोन चकरा मारतो आणि परत बसतो. मला सुरुवातीला फार हसू यायचं. आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहणारे लोकसुद्धा लिफ्टसाठी उभे असतात आणि संध्याकाळी तेच लोक गाडी काढून चालायला मैदानावर जातात, हे पाहूनही हसू येतं. पण कधी कधी ते घड्याळ थरथरलं की मला खाटेवरची माय आठवते. माझ्या मायला उठ म्हणणारं कुणी नव्हतं. बस म्हणणारेच सगळे होते.

मी मॅट्रिकला होते तेव्हा मायला चक्कर आली आणि तिला दवाखान्यात नेलं. बजाजनगरातच एका डॉक्टरीणबाईंचा छोटा दवाखाना होता. त्यांनी रक्त तपासलं, साखर निघाली. गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या की गोळ्यांपेक्षा मोठं औषध म्हणजे रोज सकाळी भराभर चालायचं, घरातली कामं हातानं करायची, एका जागी बसून राहायचं नाही. आबांना वाटलं त्या थट्टा करताहेत. त्यांनी पुन्हा विचारलं, बाईंनी पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा आबांचं तोंड असं झालं की जणू कुणी भर बाजारात त्यांची टोपी उडवली. अख्खा जन्म हिनं चालण्यात घातला, चालू नये म्हणून मी घरदार सोडलं, आणि तुम्ही हिला पुन्हा चाल म्हणता, असं ते बोलले. बाहेर येऊन त्यांनी गोळ्या घेतल्या आणि वर ताकदीचं एक टॉनिकही घेतलं. चालण्याचा विषय त्यांच्यापुरता तिथंच संपला.

मायच्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. एक दिवस भिंतीवरून ती रजियाखालांना म्हणाली की चालावं तर वाटतं, पण बाईमाणूस काही कामाशिवाय रस्त्यानं कसं हिंडणार? लोक म्हणतील घरात भांडण झालं, निघाली माहेराला. रजियाखाला या बाबतीत पोचलेल्या होत्या. त्यांनी आत जाऊन झाकणाची, कडीची एक अॅल्युमिनियमची किटली आणली आणि भिंतीवर ठेवली. "खाली हाथ निकले तो सौ सवाल करते लोगां," त्या म्हणाल्या. "हाथ में किटली रही तो कोई नै पूछता, भाभी."

झालं. दारात दूध घालणारा बंद केला. कंपन्यांच्या भिंती संपतात तिथं शिवारात एक गोठा होता, तिथून दूध आणायचं ठरलं. आबा पहिल्या पाळीला गेले की आम्ही निघायचो. दुसरी पाळी असली तर ते सकाळी उशिरापर्यंत झोपलेले असायचे, तेव्हाही जायचो. माय, मी आणि पुष्कळदा रजियाखाला. आबांना वाटायचं दूध मी सायकलवर जाऊन आणते. घट्ट दूध त्यांना आवडायचं, त्यामुळं त्यांनी फार चौकशी केली नाही.

त्या सकाळी मी कशा विसरू? पहिले काही दिवस माय थांबत थांबत चालली, कोपऱ्यावरच्या दगडावर बसली, घाम पुसला. मग तिचे पाय तिला ओळखायला लागले. पदर कंबरेला खोचून, किटली हलवत ती अशी निघायची की मला पळावं लागायचं, आणि रजियाखाला मागून ओरडायच्या, ओ भाभी, मेंढ्रे पीछे नै छूटे तुमारे. चालताना मायची जीभ सुटायची. घरात गप्प असणारी बाई रस्त्यावर आली की बोलायला लागायची. कोणत्या माळावर पाऊस लागला, कोणत्या शेतकऱ्यानं खतासाठी शेतात मेंढरं बसवून घेतली आणि वर पायलीभर ज्वारी दिली, माझा जन्म झाला तेव्हा घोड्यानं मान खाली घालून मला कसं हुंगलं. माझं लहानपण मला त्या रस्त्यावर कळलं. आभाळ निवळ असलं की लांब देवगिरीचा किल्ला दिसायचा आणि माय त्याच्याकडं बघून म्हणायची, याच्या पायथ्यानं मी तुला काखेत घेऊन गेले.

थंडीत एकदा त्या रस्त्याच्या कडेनं मेंढरांचा कळप चालला होता. मागं एक म्हातारा मेंढका. माय थबकली. इकडंतिकडं बघितलं, कुणी ओळखीचं नाही असं पाहून तिनं जीभ टाळूला लावून एक लांब आवाज काढला. सगळ्या कळपानं एकदम मान वर केली. म्हाताराही चमकला आणि त्यानं हसून विचारलं, कुणाच्या वाड्याची गं बाई तू? मेंढक्यांच्या तळाला वाडा म्हणतात, मायनं आपल्या वाड्याचं नाव सांगितलं. नंतर गोठ्यापर्यंत तिचं तोंड लग्नातल्या नवरीसारखं फुललेलं होतं. महिन्याभरानं पुन्हा रक्त तपासलं तेव्हा डॉक्टरीणबाई खूश झाल्या. घरी येऊन मायनं मोरीतला वरवंटा उचलून घासला आणि त्या दिवशी चटणी पाट्यावर वाटली. आबांनी भाकरीशी ती खाल्ली आणि मिक्सरचं चांगलं चाललंय की, म्हणाले. आम्ही दोघी आत जाऊन तोंडावर हात धरून हसलो.

मग मोठे बाबा आले. लासूरहून पहाटेच्या एसटीनं येऊन ते नाक्यावर उतरले आणि घराकडं निघाले, तर समोरून त्यांच्या धाकट्या भावाची बायको घामाघूम होऊन, पदर खोचून, किटली हलवत ताडताड येत होती. मायनं घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला. मोठे बाबा घरी येऊन पाणी प्याले, खाटेवर बसले आणि दुपारी आबा येईपर्यंत तिथंच बसून राहिले. आबा आले, हातपाय धुतले, तेव्हा ते बोलले, आणि आवाजही चढवला नाही.

"भान्या, बायकोला चालू देणार नाय म्हणून मेंढरं सोडली ना तू? आज भर रस्त्यानं पायपीट करत हिंडती ती. मग मेंढरं काय वाईट होती?"

आबांनी जेवण केलं नाही. मोठ्या बाबांना त्यांनी संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं आणि परत आल्यावर मायसमोर जमिनीवर बसले. तिचा पाय हातात घेतला. टाचेला नव्यानं भेगा पडल्या होत्या. त्या भेगांवरून त्यांनी बोट फिरवलं आणि माझा बाप लहान लेकरासारखा रडला. मी दारात उभी होते. मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर मायनं चार शब्द सुनावले असते, ती काही मुकी नव्हती. पण रडणाऱ्या माणसाशी ती काय भांडणार?

"मी जित्ता हाय तवर तू चालू नको," आबा म्हणाले. "एवढं एकच मागतो."

"मला चालल्यावर बरं वाटतं वो," माय म्हणाली.

"तुला बरं नाय वाटत, केसर. तुला सवय हाय."

मायनं माझ्याकडं बघितलं आणि मग त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून दूध घालणारा पुन्हा दारात यायला लागला. मी आबांशी भांडले, डॉक्टरीणबाईंचं बोलणं पाठ केल्यासारखं ऐकवलं, अबोला धरला. ते म्हणायचे, गोळ्या हायेत की. रजियाखालांनी भिंतीवरून बरंच समजावलं. माय त्यांना म्हणाली, त्या माणसाची आई वाटेवर मेली वो, त्याला मी चालताना दिसले की ती दिसती. किटली फळीवर गेली आणि तिच्यात डाळ ठेवायला लागलो.

पुढचं मी भराभर सांगते, कारण ते मला सावकाश सांगता येत नाही. माझं लग्न होऊन मी शहरात आले. माय खाटेवर बसून राहिली. साखर वाढत गेली, पाय बधिर झाले. चपलेचा एक बारीक खिळा वर आला होता, तो तिला टोचत होता आणि तिला ते कळलंच नाही. ज्या पायांना अंधारात काटा कुठं आहे ते कळायचं त्या पायांना खिळा कळला नाही. जखम झाली, चिघळली, बोट गेलं, आणि मग शहरातल्या दवाखान्यात गुडघ्याखाली पाय काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर मायनं पांघरुणाचा सपाट भाग चाचपला. आम्ही सगळे खाटेभोवती उभे होतो. ती आबांकडं बघून, नेहमीच्या चेष्टेच्या आवाजात म्हणाली, "घ्या. आता नाय चालत मी." तिच्या मनात काही नव्हतं, तिला त्यांना हसवायचं होतं. आबा बाहेर गेले. मी मागोमाग गेले तर ते भिंतीला डोकं लावून उभे होते आणि तोंडानं एकच चाललं होतं, मी हिला बसवून मारली, मी हिला बसवून मारली.

घरी आणल्यावर आबांनी फळीवरची किटली काढली, डाळ ओतली, राखेनं घासून चकचकीत केली. चाकाची खुर्ची आणली. सकाळी मायला तीत बसवलं, मांडीवर किटली दिली आणि ढकलत निघाले, त्याच रस्त्यानं, गोठ्यापर्यंत. रस्ता कसला, खड्डेच. गतिरोधक आला की ते खुर्ची मागून उचलायचे. इतकी वर्षं मशीनपुढं उभं राहिलेला माणूस, त्यालाही धाप लागायची. मी माहेरी आले की बरोबर जायची. रजियाखाला त्यांच्या लेकीकडं राहायला गेल्या होत्या, त्यामुळं मागून ओरडणारं कुणी नव्हतं. एका सकाळी माय मान वर करून त्यांना म्हणाली, दमानं घ्या, पाय दुखतील तुमचे. आबा म्हणाले, दुखू दे. मग थोडं पुढं गेल्यावर तिनं विचारलं, "बरं वाटतं का नाय, चालल्यावर?"

खुर्चीचं चाक कुरकुरत होतं.

"व्हय," ते म्हणाले. "लई बरं वाटतं."

माय हसली आणि तिनं किटलीवर बोटांनी ठेका धरला. त्यानंतर ती फार राहिली नाही. एका पहाटे झोपेतच गेली. तिला अंघोळ घालणाऱ्या बायकांना सांगून आबांनी कापलेले तोडे तिच्या उशाशी ठेवायला लावले.

आबा आता माझ्याकडं असतात. ऐंशीच्या पुढं गेलेत, पाठीत वाकलेत. तरी रोज सकाळी किटली घेऊन निघतात. सोसायटीत दूध पिशवीत येतं, आसपास गोठा नाही, किटली रिकामी जाते आणि रिकामी येते. वॉचमनला वाटतं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. लिफ्टला ते हात लावत नाहीत, कठड्याला धरून जिने उतरतात. मागच्या महिन्यात ते पायरीवर घसरले, कपाळाला खोक पडली. माझा मुलगा घाबरला. त्यानं त्यांना खुर्चीत बसवलं, समोर टीव्ही लावला आणि फार मायेनं म्हणाला, आजोबा, तुम्ही आता कुठं जायचं नाही, काय हवं ते आम्ही हातात आणून देऊ, तुम्ही फक्त बसायचं. मी स्वयंपाकघरात होते. गॅस बंद करून बाहेर आले.

आबांनी नातवाच्या गालावरून हात फिरवला. मग खुर्चीच्या दांड्यांवर जोर देऊन उठले आणि किटली शोधायला लागले. मीच ती फळीवरून काढून त्यांच्या हातात दिली, आणि चप्पल घालून त्यांच्या मागं जिना उतरले.

फाटकाशी ते जरा थांबले, धाप लागली होती. मी म्हटलं, आबा, आज एवढंच बास करू या का?

"नाय," ते म्हणाले. "ती पुढं गेलीय. चूल पेटवून वाट बघत असंल. बसून राहिलो तर पोचायला उशीर व्हईल."

आणि ते चालायला लागले.